बिजागरी गंजू देऊ नका



गेल्या पंधरवड्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत एक पोरगा मोठ्याने पाठांतर करीत बसला होता. "सांध्यांचे मुख्य प्रकार दोन. एक चल सांधे, दोन अचल सांधे. चल सांध्यांचे उपप्रकार..." सगळे एका सुरात, श्वास न घेता. आम्ही त्याला थांबवले आणि विचारले, "बाळा, तुझ्या कोपरात कुठला सांधा रे?" पोरगा पान उलटू लागला. ज्या कोपरावर तो रेलून बसला होता, त्याच कोपराचे उत्तर तो पुस्तकात शोधत होता!

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. दिवसभर जमाखर्च लिहिणारे. शरीरशास्त्राचे आम्ही काही पंडित नाही. पण या कोपराच्या धड्याची आमच्या घरात एक जुनी बाकी आहे, तीस वर्षांहून अधिक काळची. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही पुस्तक मिटायला लावले, सगळ्या पोरांना उभे केले आणि म्हटले, "आजचे पुस्तक म्हणजे तुमचे अंग. वाचा!" त्या दिवशी पोरांबरोबर जे वाचले, तेच आज आपल्यापुढे मांडतो आहोत.

हाडांचा हिशेब

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. नुकत्याच जन्मलेल्या लेकरात मात्र हाडांचे तुकडे याहून बरेच जास्त, तीनशेच्या आसपास असतात. मग वाढता वाढता कित्येक तुकडे एकमेकांत मिसळून जातात. जिथे एक हाड दुसऱ्याला भेटते ती जागा म्हणजे सांधा. आपल्या अंगात एकच हाड असे आहे की ज्याला कुणाचाच शेजार नाही. ते जिभेच्या मुळाशी, गळ्याच्या वरच्या भागात असते आणि स्नायूंनी व बंधांनी तोलून धरलेले असते. बाकी सगळी हाडे शेजाऱ्याला धरूनच उभी आहेत.

आता हा शेजार तीन तऱ्हेचा. काही शेजारी एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की हलायचे नावच नाही. काही थोडेसे हलतात. आणि काही दिवसभर आपल्यासाठी राबतात.

न हलणारे सांधे

न हलणारे सांधे पाहायचे तर कवटीत. डोक्याची हाडे करवतीच्या दातांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. आत मेंदू आहे, तिथे हालचाल परवडणार नाही. पण तान्ह्या बाळाच्या डोक्यात हेच सांधे सैल असतात. त्यामुळे बाळंतपणाच्या वेळी डोके थोडे दबून बाहेर येऊ शकते आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. समोरची मऊ जागा म्हणजे आपली टाळू. ती साधारण दीड ते दोन वर्षांत हाडाने भरून येते. तेल थापले म्हणून ती लवकर भरत नाही, आणि नाही थापले म्हणून राहातही नाही.

मायबहिणींनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली तर ती "पडली" म्हणून तोंडात बोट घालून वर उचलू नये, की तिच्यावर लेपही थापू नये. टाळू खोल जाणे म्हणजे अंगातले पाणी कमी झाल्याची खूण. क्षारसंजीवनीचे पाणी घोटघोट पाजत लेकराला दवाखान्यात न्यावे. आणि तापात टाळू फुगून ताठ झाली, तर मग क्षणाचाही उशीर नको.

थोडे हलणारे सांधे

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ. मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असतात. त्याखालचे एकमेकांत मिसळून गेलेले. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक गादी असते. एकेक सांधा थोडासाच हलतो, पण सगळ्यांचे थोडे थोडे मिळून माणूस धनुष्यासारखा वाकतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसेच! दिवसभर उभे राहून या गाद्या दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते. पोरांनी हे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून पाहावे.

आपल्या घरात ओझे उचलणारी माणसे पुष्कळ. कुणी मार्केटात पोती वाहतो, कुणी बांधकामावर घमेली, कुणी घरात पाण्याचे हंडे. कमरेतून वाकून, पाय सरळ ठेवून ओझे उचलले की सगळा ताण कमरेच्या गाद्यांवर येतो. गुडघे वाकवून खाली बसावे, ओझे पोटाशी घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. उचलता उचलता कमरेतून पिळा मारून वळू नये. वळायचे तर पाऊल टाकून वळावे. यासाठी पैसा लागत नाही, सवय लागते.

राबणारे सांधे

आता मोकळेपणी हलणारे सांधे. त्यांची बांधणी पाहिली तर कुठल्याही मिस्त्रीने तोंडात बोट घालावे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर, भोवती पिशवी, पिशवीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे चिकट वंगण, आणि हाडे जागची हलू नयेत म्हणून बाहेरून चिवट बंधांचे आवळे. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला पोषण मिळते कसे? स्पंज दाबला आणि सोडला की तो पाणी पितो ना, तसेच हालचालीने कूर्चा त्या वंगणातून पोषण घेते. म्हणजे हालचाल हीच सांध्याची भाकरी. आणि कूर्चेत दुखण्याची जाणीव नेणाऱ्या नसाही नाहीत. त्यामुळे झिजायला लागली तरी सुरुवातीला ती बोंब मारीत नाही. दुखणे कळते तेव्हा बरीच झीज झालेली असते.

आम्ही पोरांना म्हटले, "दाराकडे बघा." दाराची बिजागरी एकाच दिशेने उघडते आणि मिटते. कोपर, गुडघा आणि बोटांची पेरे हे तसे बिजागरीचे सांधे. दुमडणे आणि उलगडणे, बस्स. गुडघा हा अंगातला सर्वांत मोठा सांधा. त्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात आणि पुढे संरक्षणाला वाटी.

मग सगळ्यांना गोल हात फिरवायला लावले. खांद्याचा आणि खुब्याचा सांधा उखळीचा. एका हाडाचे टोक चेंडूसारखे गोल आणि दुसऱ्यात त्याला बसायला खोलगट जागा. पुढे, मागे, बाजूला, जवळ आणि गोल, सगळीकडे फिरतो. पण दोघांत फरक आहे. खुब्याची उखळ खोल, म्हणून तो पक्का. सगळ्या धडाचा भार त्यालाच पेलायचा आहे. खांद्याची उखळ अगदी उथळ, बशीत लिंबू ठेवावे तशी. म्हणून हात सगळीकडे पोचतो, पण मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तोही खांदाच. स्वातंत्र्य जास्त तिथे धोकाही जास्त.

"आता मानेने नाही म्हणा." सगळी पोरे मान हलवू लागली. हा खुंटीचा सांधा. मानेच्या दुसऱ्या मणक्यातून एक खुंटी वर येते, तिच्याभोवती पहिला मणका कवटीला घेऊन फिरतो, जात्याची वरची पाळी खुंट्याभोवती फिरावी तसा. "हो" म्हणतो तो सांधा त्याच्या वर, कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये. म्हणजे होकाराचा सांधा वेगळा आणि नकाराचा वेगळा! असाच खुंटीचा सांधा कोपराशेजारी आहे. कोपर कमरेला टेकवून तळहात वर-खाली फिरवून पाहा. किल्ली फिरवताना, लुगडे पिळताना हाताची दोन हाडे एकमेकांवरून अशीच फिरतात.

मनगटात ८ छोटी हाडे दोन ओळींत असतात. ती एकमेकांवरून थोडी थोडी सरकतात, म्हणून त्यांना सरकते सांधे म्हणतात.

आणि शेवटी अंगठा. त्याच्या बुडाशी, मनगटाजवळ असलेला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा. म्हणून अंगठा चारही बोटांना जाऊन भेटतो. आपल्या आज्या याच अंगठ्याने चार बोटांची बारा पेरे मोजून हिशेब करीत, तेव्हा कुठे होते कॅलक्युलेटर? आम्ही एका पोरीचा अंगठा रुमालाने तळहाताला बांधला आणि म्हटले, "आता एका हाताने शर्टाचे बटण लाव." पाच मिनिटे झटली, रडकुंडीला आली, पण बटण काही लागेना. आम्ही पोरांना म्हटले, "आपल्या बापजाद्यांनी याच अंगठ्याने सावकाराच्या कागदावर ठसे उठवले आणि जमिनी घालवल्या. तुम्ही याच अंगठ्याने पेन धरता. सांधा तोच आहे, काम बदलले."

आमच्या घरची बाकी

आता ती जुनी बाकी. १९९२ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी गेलो होतो. आमचे वय अकरा, धाकट्या बहिणीचे सात. ती आंब्याच्या झाडावरून पडली. उजवे कोपर पाहता पाहता सुजले. तालुक्याचे सरकारी रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर, हातात पैसा नाही, आणि प्लॅस्टर घातले की हात वाळतो असा सगळ्यांचा समज. तीन गावे पलीकडे एक हाडवैद्य होता. त्याच्या हाताला गुण आहे असे सगळे सांगत. तिथे नेले. त्याने हात ओढला, कामट्या बांधल्या आणि रोज तेलाने चोळायला सांगितले. एकवीस दिवस चोळणे चालले. ती किंचाळायची, आणि तिचे खांदे धरून ठेवायचे काम आमच्याकडे होते. "दादा, सोड ना," म्हणायची. आम्ही सोडले नाही. आम्हाला वाटायचे, आपण तिचे भलेच करतो आहोत.

कोपर काटकोनाच्या जरासे पुढे उलगडलेले असे कायमचे आखडले. दुमडत नाही, सरळही होत नाही. पुढे मोठ्या दवाखान्यात फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले. मोडलेला तुकडा जागेवर बसलाच नव्हता, बिजागरीत खडा अडकावा तसा तो अडकला. आणि मोडलेल्या कोपराभोवती रक्त साकळलेले असताना रोज चोळले, की तिथल्या स्नायूतच नवे हाड तयार होऊ लागते. म्हणजे दार तर अडलेच होते, आम्ही वरून ते खिळ्यांनी ठोकून टाकले.

कोपर न दुमडण्याचा अर्थ काय, तो आमच्या बहिणीला विचारा. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही. डाव्या हाताने जेवते म्हणून पंगतीत तिने बोलणी खाल्ली. वेणी स्वतःची स्वतः घालता येत नाही, आधी आई घालायची, आता तिची मुलगी घालते. स्थळे आली आणि हात पाहून परत गेली. एक बिजागरी अडली, तर माणसाचे केवढे जगणे अडते!

म्हणून हात जोडून सांगतो. पडल्यावर सांधा सुजला, वाकडा दिसला, हलवता येईना, तर त्याला चोळू नका, ओढू नका. आहे त्या स्थितीत लाकडी पट्टीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार द्या, झोळीत हात अडकवा आणि जिथे एक्स-रे निघतो अशा दवाखान्यात न्या. पट्टी बांधल्यावर किंवा प्लॅस्टर घातल्यावर बोटे निळी किंवा पांढरी पडली, गार झाली, बधिर झाली, बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र असली तरी डॉक्टरकडे धाव घ्या. आवळलेल्या बंधाखाली रक्त पोचले नाही तर काही तासांत स्नायू मरू लागतात.

आणखी एक. रस्ता ओलांडताना किंवा बस पकडताना आपण लहान लेकराचा हात हिसडून ओढतो. दोघे दोन हातांना धरून झोका देतात. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराजवळचे बंध अजून सैल असतात. हिसक्याने हाड त्यातून सटकते. लेकरू रडते आणि मग हात लोंबता ठेवून गप्प बसते. डॉक्टर तो क्षणात बसवतात. पण घरी खटपट करू नये, कारण ते हाड मोडलेलेही असू शकते. लेकराला काखेत धरून उचलावे.

दुखणारे खांदे, कुरकुरणारे गुडघे

चाळिशी-साठीच्या दरम्यान, विशेषतः बायकांत आणि साखरेचा आजार असलेल्यांत, खांदा आखडण्याचे दुखणे पुष्कळ दिसते. आधी दुखते, म्हणून हात वर नेणे बंद होते. हात वर नेणे बंद झाले की सांध्याची पिशवी आणखी आवळते. मग चोळीचा हूक लागत नाही, फळीवरचा डबा निघत नाही. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी आणि डॉक्टरच्या सल्ल्याने रोज भिंतीसमोर उभे राहून बोटांच्या आधाराने हात मुंगीसारखा वर चढवावा. आज जिथवर पोचला तिथे खूण करावी. दुखणे सोसवेल इतपतच, पण रोज.

गुडघ्यांना वजन आणि वय दोन्ही बाधते. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर ताठ करावा, दहा मोजेपर्यंत धरावा, सोडावा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार हलका होतो. मात्र सकाळी उठल्यावर बोटांची पेरे दोन्ही हातांत सुजलेली आणि तासभर आखडलेली राहात असतील, तर तो नुसता "वात" म्हणून सोडू नये. तो संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो. लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. आणि लहान मुलाचा एकच सांधा गरम, लाल, सुजलेला आणि वर ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पार झिजलेले सांधे आता बदलताही येतात. इंग्लंडमधल्या सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातू आणि प्लॅस्टिक वापरून खुब्याच्या सांध्याची जी पद्धत बसवली, तिच्यावरच पुढचे काम उभे राहिले. आपल्याकडे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर वाटेल तशी किंमत लावली जाई. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कमाल किंमत ठरवली. ज्या नेहमीच्या सांध्यासाठी दीड लाखाहून अधिक मोजावे लागत, तो ५४,७२० रुपये अधिक कर इतक्यावर आला. आम्ही कारकून आहोत म्हणून सांगतो, दवाखान्याच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. शस्त्रक्रिया आणि खोलीचे भाडे हा निराळा हिशेब.

कारागिराचे पाऊल

सांध्याची खरी किंमत एका कारागिराने ओळखली. पूर्वी पाय तुटलेल्यांना जे विलायती धर्तीचे पाऊल मिळे, त्याचा घोटा घट्ट होता. खुर्चीत बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसाला ते चाले. पण आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात उतरतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ साली रबर आणि लाकडाचे असे पाऊल बनवले की ते घोट्यात सगळ्या बाजूंना लवते. तेच जगप्रसिद्ध जयपूर फूट. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला मात्र हातात रबर घेऊन बसलेल्या त्या कारागिराचे मोल तितकेच वाटते. माणूस कसा बसतो-उठतो हे त्याने पाहिले होते.

जाता जाता पोरांच्या एका शंकेचे उत्तर. बोटे मोडल्याने सांधे खराब होतात का? तो आवाज हाडांचा नसतो. वंगणात विरघळलेल्या वायूच्या बुडबुड्यामुळे तो येतो. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड उंगर यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची नाही, आणि १९९८ साली जाहीर केले की दोन्ही हातांत काही फरक नाही. एका माणसाचा पुरावा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण आईने सांगितले तेही तपासून पाहावे, ही त्यांची वृत्ती आम्हाला आवडली. आम्ही लहानपणी तशी तपासणी केली असती तर!

आमची बहीण आज अंगणवाडीत सेविका आहे. आया लेकरांना घ्यायला आल्या की ती त्यांना आपले उजवे कोपर दाखवते आणि सांगते, "हात धरून ओढू नका. आणि पडलं तर चोळू नका, दवाखान्यात न्या." परवा आम्ही तिला अभ्यासिकेत बोलावले. तो पाठांतरवाला पोरगा पुढे आला. त्याने तिचे कोपर हलकेच हात लावून पाहिले आणि म्हणाला, "काका, हा बिजागरीचा. पण चालत नाही." आम्ही मान हलवली. त्याला आता पुस्तक उघडावे लागले नाही.